खोकी आणि वजनं

कप्पेवालीला कुणी म्हटलं, बाई, जरा सुई दे, तर ती बसल्या जागेवरनं उठायची नाही. हात मागं घालायची आणि सुई काढून द्यायची, तीही दोरा ओवलेली. घर म्हणाल तर जीपमागं जोडलेला दोन चाकांचा डबा. शिकलेली माणसं त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात. आत चौघं उभी राहिली तर पाचव्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यावा, एवढी ऐसपैस जागा. त्यात तिनं वीस वर्षं संसार रचला होता. दारामागं कापडी खिसे, त्यात झारे-उलथनी. बाकाखाली खण, खणाखाली आणखी एक चपटा खण, त्यात ताटं उभी. छताला जाळी ताणलेली, जाळीत पांघरुणं. पायरी उचलली की आत चपला. लोकांनी तिला कप्पेवाली नाव पाडलं, आणि तिनंही ते पदवीसारखं मिरवलं.

नवऱ्याला लोक काटेवाला म्हणायचे. वाण्याचे तराजू, धान्याच्या वखारीतले जमिनीवरचे मोठे काटे, भंगारवाल्यांचे, कोळसेवाल्यांचे, सगळे तो तपासायचा आणि दुरुस्त करायचा. वर्षानुवर्षांची गावोगावची फेरी ठरलेली. काटा खरं बोलतो की खोटं हे पाहायला त्याच्याजवळ कसोटीची वजनं होती. लहान पितळी, मोठी लोखंडी. लोखंडी एकेक वीस किलोचं. डब्याच्या मधोमध, चाकांच्या बरोबर वर, एका ठेंगण्या पेटीत ती बसलेली असायची. पेटी एवढी बुटकी की कप्पेवाली तिच्यावर पाय देऊन वरच्या फळ्या पुसायची. तिच्या हिशेबी त्या पेटीला जागा लागतच नव्हती.

मग काटेवाल्याच्या किडन्या बसल्या.

डॉक्टरनं पोटात नळी घातली. दिवसातून चार वेळा औषधी पाण्याची पिशवी वर टांगायची, पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी काढून टाकायचं, नवं सोडायचं. घरच्या घरी जमतं, दवाखान्यात खेटे नकोत. पण त्या पिशव्या खोक्यांत येतात, महिन्याची खोकी एकदम येतात, आणि नोंदवलेल्या एकाच पत्त्यावर येतात. पत्ता होता काटेवाल्याच्या थोरल्या बहिणीचा. तिला सगळे आक्का म्हणायचे. टेम्पोवाल्यानं आक्काच्या ओसरीवर खोकी उतरवली तेव्हा भिंत उभी राहिली. आक्का भिंतीकडं बघत म्हणाली, "एवढं पाणी पिऊन तर म्हैस फुटेल."

"पिण्याचं नाही, आक्का. पोटात सोडायचं," कप्पेवाली म्हणाली.

"तेच ते."

दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावलं होतं. उन्हात नको, ओलीत नको, खोक्यातनं काढून ठेवायचं नाही. म्हणजे उघड्यावर तंबूबिंबू नाही. खोकी डब्यातच हवीत. आणि सगळी हवीत.

कारण महिनाभराची फेरी दारात येऊन थांबली होती. मोठ्या वखारीच्या मालकाचा फोन येऊन गेला, "काटा बोंबलतोय. येताय, का त्या मोटरसायकलवाल्याला बोलावू?" मोटरसायकलवाला म्हणजे नवा पोरगा, गेल्या फेरीपासून यांच्या मागोमाग वास काढत फिरणारा. ही फेरी चुकली की गिऱ्हाईकं त्याची. मग काटेवाल्यानं आक्काच्या मागच्या खोलीत कायमचं पडायचं, आणि कप्पेवालीनं दुसऱ्याच्या घरात हाताची घडी घालून बसायचं. काटा दुरुस्त करणं तिला येत नव्हतं. तिला ठेवता येत होतं. तेव्हा खोकी ठेवून दाखवायची, बस.

"अर्धी ने की," आक्का म्हणाली. "अर्धी माझ्याकडं राहू दे. संपली की या."

"अर्धी संपतील तेव्हा आम्ही फेरीच्या पार पलीकडच्या टोकाला असू. तिथनं परत येईस्तोवर काय पोटात विहिरीचं पाणी सोडू?"

आक्कानं तो विषय सोडला. बाई फटकळ असली तरी भावाचा जीव तिलाही हवा होता.

कप्पेवाली कामाला लागली. दोरीनं खोकं मापलं, दोरीनं कोनाडा मापला. खोकं एक बोट मोठं. बाकाखालचा खण काढला, तिथं चाक आडवं आलं. कपाटाचं दार उपटलं, आतली फळी उपटली, दोन खोकी बसली, तिसऱ्यानं तोंड बाहेर काढलं. खोकं म्हणजे अडेलतट्टू. कापड दाबता येतं, भांड्यात भांडं घालता येतं, खोक्यात काय घालणार? सकाळी सगळं आत रचायचं, दुपारी रडकुंडीला येऊन सगळं बाहेर ओढायचं. अंगणात संसार मांडलेला, कोंबड्या त्यातनं फिरतायत, आणि ही मधोमध दोरी घेऊन बसलेली. जागा मिळत नाही असं तिच्या जन्मात झालं नव्हतं. तोंडात घास फिरायला लागला. झोपेत ती खोकी ढकलायची, आणि काटेवाला कुशीवर होऊन तिला जागा करून द्यायचा.

शेवटी मागचा पलंग तिनं करवतीनं कापला. पलंगाखाली पाण्याची टाकी होती, ती काढली. टाकीमागं पोकळ जागा निघाली, थेट मागच्या पत्र्यापर्यंत. तिथं खोकी घातली, वर घातली, आडवी घातली. शेवटचं गुडघ्यानं रेटलं आणि ते कचकन बसलं. वर फळी टाकली, फळीवर गादी. खोकं एकही दिसेना.

"बसली का?" आक्कानं विचारलं.

"बसणार नाहीत तर जातील कुठं?" कप्पेवाली म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

काटेवाला इतके दिवस अंगणात खुर्चीवर बसून हे बघत होता. चकार शब्द बोलला नव्हता. तिला वाटलं, आजारानं थकलाय.

आजारापासून जीप तीच चालवायची. निघण्याआधी एक चक्कर मारून बघू म्हणून दोघं डबा जोडून गिरणीच्या सरळ रस्त्याला लागले. सुरुवातीला ठीक होतं. मग उतार आला, जीपनं वेग घेतला, आणि आरशात तिला डबा डावीकडं दिसला. मग उजवीकडं. मग आणखी डावीकडं. चाबूक फिरवावा तसा डबा जीपला मागनं फिरवायला लागला. स्टिअरिंग हलकं लागलं, हातात काही आहे असं वाटेना. तिनं पाय ब्रेकवर नेला.

"ब्रेक नको," काटेवाला म्हणाला. "पाय काढ नुसता. चाक सरळ धर."

तिनं पाय काढला. डबा आणखी दोनदा हेलकावला, एका झाडाला घासता घासता राहिला, आणि रस्ता सोडून खडीत जाऊन थांबला. समोरून येणारा ट्रकवाला तिच्या खानदानाचा उद्धार करत निघून गेला. तिनं इंजिन बंद केलं.

"काय झालं हे?"

"मागं जड झालं," तो म्हणाला. "मागं जड झालं की जीपला जोडलेली पुढची दांडी वर उचलली जाते, जीपचं बूड हलकं होतं. मग डबा जीपला नाचवतो."

शांतपणे म्हणाला. हवापाण्याचं बोलावं तसं. तिनं त्याच्याकडं वळून बघितलं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

त्यानं शर्टावरनं नळी चाचपली.

"मी करवत चालवत होते, बोटं सोलून घेत होते, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. खुर्चीवर बसून मूग गिळत होता."

"होतं ठाऊक."

"मेलो असतो आत्ता."

"इतका वेग घेशील असं वाटलं नव्हतं."

"अहो, बोलायला काय झालं होतं? जिभेला नळी घातलीय का?"

काटेवाल्यानं अंगठ्यानं मागं डब्याकडं दाखवलं. मग म्हणाला, "जड माल चाकांवर ठेवावा लागतो, तळाला. चाकांवर काय आहे?"

चाकांवर लोखंडी वजनांची पेटी होती.

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, वजनं काढा. वजनं काढली तर वखारी गेल्या. वखारी गेल्या तर फेरी कशाला? तुला कोण अडवतंय, मला खोक्यांशेजारी आक्काच्या खोलीत ठेव की. तुझ्याकडं कप्पा असेलच एखादा."

हे तिला लागलं. पण खोटंही वाटलं नाही. इतक्या दिवसांत तिनं त्याला एकदाही विचारलं नव्हतं की कुठं काय ठेवू. खोक्यांसारखं त्यालाही कुठं बसवायचं तेवढंच ती बघत होती.

"आणि वजनं आहेत तिथंच ठेवून बाकीचं हलकं केलं तर?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, "तोलून बघावं लागेल."

डबा माणसाच्या चालीनं माघारी आणला. आक्काच्या अंगणातल्या झाडाला काटेवाल्यानं टांगता काटा लावला आणि खुर्ची खाली ओढली. आता ती एकेक वस्तू आणून काट्याच्या आकडीला लावायची आणि तो वजन सांगायचा. शेगडी. आरसा. खण. खणाखालचा चपटा खण. मधूनच तो काट्याकडं न बघताच आकडा सांगायचा आणि काटा त्याला दुजोरा द्यायचा. जे जड ते अंगणाच्या कडेला, हलकं ते परत आत. कडेचा ढीग वाढत चालला. तिच्या फळ्या, तिची कपाटं, शिवणयंत्र, पत्र्याचे डबे. प्लायवूड एवढं जड असतं हे तिला त्या दिवशी कळलं. वीस वर्षं ती डबा कप्प्यांनीच जड करत आली होती.

"मलाही टांगा एकदाचं," ती वैतागून म्हणाली.

"तू जीपमध्ये बसतेस. तू हिशेबात नाहीस."

"ते काय आजचं आहे?"

आक्का दारातनं हसली. काटेवालाही हसला, पण पोटाला हात लावून, बेतानं.

संध्याकाळपर्यंत खोकी आणि वजनं सोडली तर डब्यात राहिलं काय? एक पातेलं, दोन ताटं, अंथरूण. तरी मागं वजन जास्तच. तो बोटांवर मोजत होता, पुन्हा मोजत होता. उत्तर तेच येत होतं. ती त्याच्या ओठांकडं बघत उभी होती. एखादी तरी चूक निघावी, एवढंच तिला हवं होतं. पण हा माणूस आकड्यात चुकत नसे, हीच तर त्याची ख्याती.

"काढ लोखंडी," तो म्हणाला.

"एकदा परत मोजा."

"काढ म्हणतो ना. मला उचलता येत नाही. नळीवर ताण आला तर संपलं. तसंही वखारीत ती उचलून काट्यावर कोण ठेवणार होतं?"

"मी ठेवली असती."

"आधी इथं उचलून दाखव."

तिनं पेटीचं झाकण उघडलं. वीस वर्षं तिनं त्या झाकणावरची धूळ पुसली होती, पण आतलं वजन एकदाही उचललं नव्हतं. कडीत बोटं घालून ओढलं तर ते हललंच नाही. दोन्ही हातांनी, पाय रोवून, कंबर मोडून उचललं तेव्हा सुटलं. दारापर्यंत नेताना तिच्या तोंडातनं आवाज निघत होता. पायरीवरनं उतरताना पाय लटपटला. पहिलं ठेवून ती दुसऱ्याकडं गेली. आक्का पदर खोचून मदतीला आली, तिला हातानंच मागं सारलं. शेवटच्या वजनापर्यंत तिच्या बोटांची कातडी गेली होती. मग खोकी मागनं काढून मधोमध, चाकांवर, तळाला रचली. ती बसली. जागा उरलीसुद्धा.

"पितळी आहेत," काटेवाला म्हणाला. "भाजीवाल्या आहेत, खाटीक आहेत, सोनार आहेत."

"तेवढ्यावर पोट भरेल?"

"माझं तर पाण्यानंच भरतं."

त्यानं फोन मागितला. वखारवाल्याला म्हणाला, "शेठ, मोटरसायकलवाल्याला बोलवा. हो. नाही, तब्येत बरी आहे. पोराचा हात चांगला आहे, फक्त घाई करतो, त्याला सांगा काटा आधी पुसून घे." पलीकडचा काहीतरी बोलत राहिला. काटेवाल्यानं फोन कानापासून दूर धरला, तिच्या हातात दिला आणि तोंड धुवायला गेला. तिनं ऐकून घेतलं, बरं म्हणाली, आणि ठेवला.

सकाळी निघाले. उतारावर डबा जीपमागं दावणीच्या गाईसारखा सरळ आला. तिनं आरशात बघितलं, त्यानं बघितलं.

दुपारच्या पिशवीची वेळ झाली तेव्हा रस्त्याच्या कडेला सावली बघून जीप थांबवली. हात धुऊन, तोंडाला फडकं बांधून काटेवाला आत गेला आणि खोक्यांवर बसला. नळी जोडताना वारा-धूळ आत चालत नाही, दार घट्ट हवं. पण दाराची आतली कडी कपाटाला अडकायची, आणि कपाट आक्काच्या अंगणात राहिलं होतं. मग ती बाहेर उभी राहिली, दाराला पाठ लावून, पाय रोवून.

रस्त्यापलीकडच्या भंगाराच्या वाड्यातनं एक माणूस हात पुसत आला. डब्यावर रंगवलेला तराजू त्यानं बघितला.

"मोठा काटा बघता का? जमिनीवरचा आहे. दोन महिने बंद पडलाय."

"मोठा नाही बघत."

"चित्र तर काढलंय."

"लहान असेल तर आणा. अर्ध्या तासानं."

"लहान घेऊन मी काय कांदे तोलू?" तो म्हणाला आणि गेला.

आतनं आवाज आला, "कोण होतं?"

"कुणी नाही. रस्ता विचारत होता."

पत्र्याचा डबा. आतलं बाहेर आणि बाहेरचं आत सगळं ऐकू जातं, हे दोघांनाही ठाऊक होतं. काटेवाल्यानं पुढं काही विचारलं नाही. पोटात पाणी उतरायला वेळ लागतो. ती पाठीनं दार दाबून उन्हात उभी राहिली.