हजेरीपटावरची पहिली सही

पिकलेल्या सीताफळाचा वास आला की नेकनूरची ती सुट्टी आठवते. मालदीवच्या शाळेतला माझा करार संपत आला होता. गावच्या शाळेत गणिताची जागा निघाली तर परतायचं, असं ठरवून मी संस्थेत संचालक असलेल्या थोरल्या भावाला विचारलं. फोनवर तो म्हणाला, "इथं जागा न्हाई. तू कर सही." मी दोन वर्षं वाढवून घेतली. सुट्टीवर आलो, सहज शाळेत डोकावलो, तर गणिताला त्याचाच जावई. हजेरीपट उलटून पाहिला. जावयाची पहिली सही त्या फोनच्या अकरा दिवस आधीची होती. घरी भावानं सीताफळ फोडून पुढं केलं. "खा बे, तिकडं कुठं मिळतंय?" मी खाल्लं. आता गावीच असतो. भाऊ काहीही सांगू दे, मी आधी तारीख विचारतो.