उस्ताद आणि स्लॅबवरची माणसं

आकाश जिंकायला निघालेल्या माणसाला भीती ठाऊक नसते, असं आमच्या विमान प्रशिक्षण केंद्राच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणाले होते. त्यांच्या मागच्याच खुर्चीवर आम्हाला शिकवणारे उस्ताद बसले होते. ते रोज भीत.

उस्ताद बोरी अरब गावच्या मेकॅनिकांच्या घरातले. नव्या पोराला आधी एकच विचारत, "गाव कोणतं बेटा?" आम्हाला ती आपुलकी वाटायची. मग लक्षात आलं, बाभुळगावच्या मुलाला ते सरावाच्या उड्डाणाला दारव्ह्याकडे नेतात आणि केळापूरच्याला बाभुळगावकडे.

कारण त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांचा एक विद्यार्थी एकटा उडताना स्वतःच्या गावावर गेला. आई घराच्या स्लॅबवर उभी होती. ती नीट दिसावी म्हणून त्यानं खाली येऊन, वेग कमी करून, विमान तिरपं वळवलं. पंखांचा आधार सुटला. यालाच स्टॉल म्हणतात. एक पंख कलला आणि विमान गिरक्या घेत, म्हणजे स्पिनमध्ये, पऱ्हाटीच्या शेतात गेलं. "उंची असती तं निघाला असता," उस्ताद म्हणाले. "स्पिनमधून काढाले मीच शिकवलं होतं त्याले."

माझं गाव बाभुळगाव. काकूचा सारखा फोन यायचा, "कधी येतं रे आमच्यावरून? पापड वाळू घालनं बंद केलं म्या. स्लॅब मोकळी पाह्यजे."

एकदा ढग टाळताना उस्तादांना आणि मला बाभुळगाववरून यावंच लागलं. स्लॅबवर लाल लुगडं दिसलं. खाली पाहता पाहता मी वळण आवळत गेलो. नाक वर गेलं, धोक्याचा भोंगा वाजला, विमान थरथरू लागलं. उस्तादांनी दांडा पुढे ढकलला.

"काहून पाहून राह्यला खाली? काकू पळून जाऊन राह्यली काय?"

उतरल्यावर त्यांना सीटचा पट्टा सोडवेना. मी सोडला.

माझ्या पहिल्या एकट्या उड्डाणाला त्यांनी काका-काकूंना धावपट्टीवरच बोलावून घेतलं. केंद्राच्या संचालकांना यात गुरुकुल परंपरा दिसली. त्यांनी हार मागवले. मी वर गेलो. शेजारची सीट रिकामी. शेवटच्या वळणावर सारा जीव कानात आला होता. भोंगा वाजला नाही.

उतरलो तेव्हा धावपट्टीच्या कडेला उस्ताद एकटेच उभे होते. "आता माह्यी गरज नाही तुले," म्हणाले, आणि त्याच महिन्यात नोकरी सोडून बोरीला गेले.

काका-काकूंना त्यांनी विमानांच्या हँगरमागे, मला वरून दिसणार नाहीत असं, चहाला बसवलं होतं. विमान उडालेलं त्या दोघांनी पाहिलंच नाही.