नऊ दिवस दाबलेला निरोप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही. देवापुढं बसले तरी दुसरंच काहीतरी बोलून उठते. तुम्ही माझ्या घरचे नाही — म्हणून कदाचित जमेल.

नंदा माझी धाकटी जाऊ. रेणापुरात आमचं एकत्र घर; खाली दोघा भावांचं हार्डवेअरचं दुकान, वर आम्ही. ती लग्न होऊन आली तेव्हा माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. मग तिलाही झालं नाही. मी लातूरचे, सोलापूरचे दवाखाने केले, चाळिशीला थांबवले. पुढं तीही थांबली. कुणाचं बारसं असलं की पाळण्याजवळच्या बायका आम्हाला बघून गप्प व्हायच्या. आम्ही दोघी मागं भिंतीला टेकून घुगऱ्या खायचो आणि एकमेकींना कोपरानं ढोसून हसायचो. वांझ हा शब्द एकटीनं ऐकणं वेगळं. दोघींनी मिळून ऐकला की त्याची धार जाते. तिच्याजवळ मला बरं वाटायचं. का वाटायचं, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

एक्केचाळिसाव्या वर्षी तिची पाळी चुकली. आता जायला लागली असेल, असं आम्हीच ठरवून टाकलं. पण थकवा फार, म्हणून मी तिला लातूरला डॉक्टरबाईंकडं नेलं. मीच नेलं बघा. बाईंनी सोनोग्राफी केली आणि पडदा आमच्याकडं वळवला. नंदानं पडद्याकडं बघायच्या आधी माझ्याकडं बघितलं. घाबरून. मी हसले — दुसरं काय करणार होते?

"तुम्ही थोरल्या जाऊबाई ना?" बाई मला म्हणाल्या. "मग यांचं सगळं तुम्ही सांभाळा. या वयात शरीराइतकंच मन जपावं लागतं. भीती आत साठू देऊ नका, बोलतं ठेवा त्यांना."

मी सांभाळलं. खोटं नाही सांगत. सकाळी अर्धा तास शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायच्या, लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यायची, गोळीच्या मागंपुढं चहा नाही. मीठ कमी — लोणच्याची बरणी मी माझ्या फडताळात नेऊन ठेवली. डाव्या कुशीवर झोप, संध्याकाळी दहा मिनिटं डोळे मिटून सावकाश श्वास. आणि मनात येईल ते बोलणं. कुणाशी? माझ्याशीच. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, जाऊ असावी तर अशी.

आणि आत? गावात कुणालाही मूल होऊ दे, मला त्याचं काही वाटायचं नाही. त्याची सवय झाली होती. पण नंदा बोलता बोलता पोटावर हात ठेवायची — तिला कळायचंही नाही — आणि मला तिथून उठून जावं लागायचं. एकदा ती ब्लाउजच्या शिलाया उसवून सैल करत बसली होती. म्हणाली, "अक्का, तेवढा दोरा ओवून दे की." मी ओवून दिला. त्या दिवशी तव्यावरच्या दोन भाकरी करपल्या आणि मी सांगितलं, गॅस मोठा राहिला.

तिसरा महिना संपता संपता बाईंनी रक्ताची एक तपासणी सांगितली. आईचं वय जास्त असलं की बाळात काही दोष आहे का, ते बघायला करतात. काउंटरवरच्या बाईंनी फोन नंबर मागितला. नंदा म्हणाली, "अक्काचाच लिहा. माझी तर उचलायची हिंमत व्हायची न्हाई."

फोन आला तेव्हा मी गच्चीवर तुरीची डाळ उन्हात पसरत होते. त्याच काउंटरवरच्या बाई. रिपोर्ट चांगला आहे, बाळ व्यवस्थित आहे, त्यांना लगेच सांगा, फार काळजीत होत्या. "हाव, सांगते," मी म्हणाले.

नंदा खाली झोपली होती. जिना उतरला की तिची खोली. मी उतरले नाही. डाळ पसरून झाली तरी हात फिरवत बसले. उठली की सांगू. उठली. चहा घेऊन वर आली — माझ्यासाठी चहा — आणि विचारलं, "आला का गं फोन?"

"न्हाई."

तोंडातून निसटलं, असं म्हणायचा मोह होतो. निसटलं नाही. मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं परत विचारलं, तिसऱ्या दिवशी परत. पहिल्या दिवशी नाही म्हटलं, आता काय सांगायचं, असं मी मनाशी म्हणायचे. पण सांगता आलं असतं की. आत्ताच आला फोन, एवढं म्हटलं असतं तर कुणाला काय कळणार होतं? रोज सांगता येत होतं. पाचव्या दिवशी तिनं फिरायला यायचं सोडलं. अर्ध्या भाकरीवर उठायला लागली. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायची ती उठायचीच नाही. डोळ्यांखाली काळं आलं.

"लेकरात काही निघालं तर मी काय करू गं अक्का? एवढ्या वर्षांनी दिलंय देवानं."

आणि मी काय बोलले? सगळं माहीत असून मी म्हणाले, "या वयात धोका असतोच, नंदा. मनाची तयारी ठेवावी."

तिनं माझ्या मांडीवर डोकं टेकलं.

नवव्या दिवशी तपासणीची तारीख होती. तिचं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरबाईंनी दोनदा मोजलं. "अहो, असं कशामुळं? रिपोर्ट तर उत्तम आलाय, तुम्हाला त्याच दिवशी कळवला ना?"

नंदानं माझ्याकडं बघितलं.

"आम्हाला फोनच आला न्हाई, बाई," मी म्हणाले.

बाईंनी काउंटरवरच्या बाईंना आत बोलावलं आणि आमच्या देखत झापलं. त्या माझ्याच वयाच्या असतील. "मी केला होता, मॅडम," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडं बघत राहिल्या. मी वजनकाट्याकडं बघितलं. नंदाला यातलं काही दिसलं नाही. ती माझ्या गळ्यात पडून रडत होती, आनंदानं. पुढच्या खेपेला काउंटरवर दुसरंच कुणीतरी होतं. आधीच्या बाई कुठं गेल्या, मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या त्या बाळंतपणापर्यंत. आठव्या महिन्यात मुलगी झाली. तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. बाहेर नंदा बाकावर बसून राहायची आणि मी तिच्या शेजारी. डॉक्टरबाई म्हणाल्या, या वयात बीपी वाढतं, कधी कधी लवकर करावं लागतं. तसंच असेल. नसेलही. मी विचारणार तरी काय होते — आणि कुठल्या तोंडानं?

गौरी आता पाच वर्षांची आहे. ठणठणीत आहे, मला मोठीआई म्हणते. नंदा येईल त्याला सांगते, अक्का होती म्हणून मी निभावले, न्हाईतर येडी झाले असते. माझ्यासमोर सांगते. मी पदर सारखा करते आणि पाणी आणायला आत जाते.

एवढं सांगून थांबता आलं असतं. जळले, खोटं बोलले, दुसऱ्या बाईवर ढकललं. पण खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे. ते नऊ दिवस मी दुःखात होते, मला पश्चात्ताप खात होता, असं तुम्हाला वाटत असेल. तसं नव्हतं. ते नऊ दिवस मी सुखात होते. नंदा परत माझ्यासारखी झाली होती. मांडीवर डोकं ठेवून ती रडायची, मी तिच्या केसांतून हात फिरवायचे, आणि मला तिची माया यायची — खरीखुरी, पोटातून. एका वाक्यानं ती सुटली असती. ते वाक्य तोंडात धरून मी नऊ दिवस तिचे डोळे पुसले.