मांगरातला कोरा चहा

आमच्या कलमांच्या बागेत राखणीला नेपाळहून जोडपं येतं. रत्नागिरीच्या आसपास आता बहुतेक बागांत असंच आहे. दिवाळीनंतर येतात, आंबा संपला की परत जातात आणि तोवर बागेतल्या मांगरात, म्हणजे चिऱ्याच्या त्या एका खोलीत, राहतात. माझा नवरा मुंबईला नोकरीत, मुलगा पुण्याला. बाग मी बघते. त्यामुळे दिवसभरात माझं बोलणं व्हायचं ते राखणदाराशीच, आणि तेही फवारणी, पाणी आणि माकडं एवढ्यापुरतं.

मग एका वर्षी जो राखणदार आला तो पूर्व नेपाळातल्या इलामचा होता. सोबत त्याची बायको होती. माझ्याहून बरीच लहान. आल्या दिवशीच तिने माझ्या हातात रुमालाची एक पुरचुंडी ठेवली. "दीदी, घरची चहापत्ती," म्हणाली. तिची हिंदी आणि माझी हिंदी, दोन्ही सारख्याच मोडक्या. पुढे तिने माझं मराठी उचललं, हेलासकट.

घरी येऊन पुरचुंडी सोडली तर आत काळपट, पिळलेली, लांबलांब पानं. आमच्याकडे चहा म्हणजे बारीक भुकटी. मी नेहमीसारखं आलं, साखर, म्हशीचं दूध घालून ती पानं खदखदून उकळली. रंग काही चढेना. तसाच प्यायले आणि पुरचुंडी फळीवर टाकून दिली.

आठवड्याभराने तिने विचारलं, "चहा आवडला?"

मला खोटं बोलता येईना. "अगो, रंगच येत नाही त्याला. दुधात नुसती पानं पोहत होती."

"दूध घातलंत?" ती ओढणी तोंडाला लावून इतकी हसली की मलाही हसू आलं. मग मला तिने मांगराच्या पायरीवर बसवलं. चुलीवर पाणी उकळलं, खाली उतरवलं, चिमूटभर पानं टाकली आणि वर ताटली झाकली.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"आता बसायचं."

कोरा चहा आमच्यात ताप आला किंवा दूध नासलं तरच पितात. हा मधाच्या रंगाचा होता. पहिला घोट फिकाच लागला. दुसऱ्या-तिसऱ्या घोटानंतर जिभेवर काहीतरी गोडसर राहिलं, साखर नसूनही. भांड्याच्या तळाशी ती पिळलेली पानं उलगडून अख्खी झाली होती. तिने एक बोटावर घेऊन दाखवलं. दोन पानं आणि मधे कोंब. "माझ्या आईने खुडलंय हे," ती म्हणाली. घरामागच्या उतारावर त्यांची चहाची झुडपं होती. बरीचशी पानं कारखान्यात जायची, घरापुरती आई हाताने चोळून वाळवायची.

त्यानंतर दुपारची जेवणं उरकली की मी मांगरावर जाऊ लागले. तिच्याकडे दोन काचेचे ग्लास होते. आम्ही काय बोलायचो, ते आता नीटसं सांगता यायचं नाही. सासरचं, माहेरचं, भाताचं, गुडघेदुखीचं. कधी काहीच नाही. मला बहीण नाही. असती तर असंच बसलो असतो, असं वाटायचं.

अशी काही वर्षं ती येत राहिली. तिची मुलगी तिकडे आजीकडे होती, शाळेत. बागेत फोनला रेंज नाही, म्हणून ती गडग्यावर, बागेच्या दगडी कुंपणावर, चढून फोन लावायची. एकदा मी चहाला गेले तर चूल पेटलेलीच नव्हती. ती पायरीवर बसून होती.

"काय झालं गो?"

"मुलगी फोनवर येत नाही. माझ्या आईने बोलावलं तर तिलाच म्हणाली, कोण आई? तू आहेस की आई."

मी तिच्याशेजारी बसले. मग म्हटलं, "पुढच्या वर्षी येऊ नकोस."

ती दचकली. "माझं काही चुकलं, दीदी?"

"चुकलं नाही गो. नवऱ्याला पाठव. तू मुलीजवळ राहा. ती एवढीशी आहे तोवरच."

 त्या वर्षी जाताना ती मला मिठी मारून रडली. मला वाटलं, तरी येईलच.

दिवाळीनंतर मी मांगर झाडून, सारवून ठेवला. रिक्षा आली आणि तिचा नवरा एकटाच उतरला.

"ती?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत ना," तो म्हणाला आणि पुरचुंडी पुढे केली.

मला बरं वाटलं, अगदी मनापासून. आणि घरी येऊन, का कोण जाणे, जेवण गेलं नाही.

दोन हंगामांनी तोही यायचा थांबला. गावातच पानं गोळा करून कारखान्याला पोचवायचं काम त्याला मिळालं होतं. आता दुसरं जोडपं आहे. माणसं चांगली आहेत. त्या बाईला मी एकदा तो चहा करून दिला. तिने माझा मान ठेवून प्यायला, मग हळूच विचारलं, "दूध आहे?"

गेल्या माघात इलामहून तिचा फोन आला. तिचा भाऊ वेळणेश्वरच्या बाजूला एका बागेत कामाला आला होता आणि माझ्यासाठी पत्ती घेऊन आला होता. नवरा मुंबईहून म्हणाला, "चहासाठी खाडी ओलांडून जाणार तू?" मी गेले. जयगडला फेरीबोट धरली, पलीकडे एसटी. भाऊ रस्त्यावर उभा होता. नाक थेट तिचंच. त्याने पिशवी दिली आणि लगेच व्हिडिओ कॉल लावला.

ती जाड झाली होती. मागे हिरवा उतार आणि धुकं. मुलगी खांद्याला लागली होती आणि आईच्या गळ्यात हात टाकून मला "नमस्ते" म्हणत होती. ते बघून माझा जीव भांड्यात पडला.

"खालच्या कलमांना मोहोर आला?" तिने विचारलं.

"आला. यंदा भरपूर."

"इथे सगळं आहे, दीदी. फक्त दुपारी कुणी बसायला येत नाही. ज्याला त्याला पानं खुडायची घाई."

मी म्हटलं, "इथेही तेच आहे गो."

 मग ती म्हणाली, "तुम्ही या ना इकडे."

"येईन हं. आंबा संपला की."

तिने मान हलवली. पण आंबा संपला की लावणी येते, तिच्यामागे गणपती, मग भातकापणी, आणि तोवर पालवीवर फवारणीची वेळ होते, हे तिने माझ्याकडून दर वर्षी ऐकलेलं आहे. परवा मी मुलाला गाड्यांची चौकशी करायला सांगितलं. तो म्हणाला, दोन-तीन गाड्या बदलाव्या लागतील, पुढे घाटातून जीप, तुझे गुडघे राहायचे नाहीत. मी म्हटलं, तू बघून तर ठेव.