मावशीची तहान

मावशीच्या ओठांना पांढरे पापुद्रे सुटले होते. वृद्धाश्रमातल्या तिच्या खाटेपासून पाण्याचा तांब्या दूर, खिडकीत ठेवलेला होता. मी पेला भरून तिच्या तोंडाशी नेला, तर तिने आधी दाराकडे पाहिलं.

"नको गं. प्यायलं की लघवीला लागते. मग अंथरूण ओलं होतं आणि ती देखभालीची बाई चिडते."

माझ्या मावशीने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नद्यांची नावं ती गाण्यासारखी म्हणायची. आता ती ओठांवरून जीभ फिरवत होती आणि पाणी नको म्हणत होती. तान्हं मूल टाहो फोडतं, तेव्हा सगळं घर धावतं. मग तहान लपवायला माणूस कधी शिकतो? धावून येणारं कुणी उरलं नाही हे कळतं, बहुधा तेव्हाच.

खाली जाऊन मी व्यवस्थापकांशी भांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "लक्ष घालतो" म्हणाले. मला वाटलं, चला, काहीतरी झालं.

पुढच्या रविवारी गेले तेव्हा तांब्या तिच्या उशाशी होता, काठोकाठ भरलेला. आणि मावशीच्या दंडावर बोटांचे काळेनिळे वळ होते. मी हात लावायला गेले, तशी तिने बाही खाली ओढली.

"मावशी, कुणी केलं हे?"

"कुणी नाही," ती हळूच म्हणाली. "तू माझ्या भल्यासाठीच बोललीस, बाळा. पण तू संध्याकाळी घरी जातेस. मी इथेच असते."