पेन्सिलीने लिहिलेले उच्चार

माझी थोरली बहीण अमरावतीच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. तिला जाऊन सोळा दिवस झाले होते. मी अकोल्याला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. रजा काढून तिचं घर आवरायला थांबले होते. एका सकाळी सात वाजता फाटकाशी दहावीच्या पाच मुली उभ्या दिसल्या. ताई त्यांना शाळेआधी तासभर घरी बोलावत असे, हे मला ठाऊक होतं.

"बोर्डाले दोन महिने राहिले," त्यांतली एक म्हणाली. "तुमाले इंग्रजी येते नं?"

"वाचता येतं. शिकवलं नाही कधी."

"मग आमी वाचू, तुमी आयका."

"तुमाले मॅडम म्हणलं की कसंतरी होते," दुसरी म्हणाली. "मावशी म्हणू का?"

मी फाटक उघडलं.

प्रत्येकीची अभ्यासाची तऱ्हा वेगळी होती. एक फेऱ्या मारत मोठ्याने वाचायची. एक गाईडमधली उत्तरं डोळे मिटून म्हणायची, मध्येच थांबवलं तर पहिल्यापासून सुरू करायची. बांगड्यांच्या दुकानदाराची मुलगी अडलेला शब्द सोडून बिनदिक्कत पुढे जायची आणि अर्थ बहुधा बरोबर सांगायची. काळजी होती ती बडनेऱ्याहून येणाऱ्या मुलीची. ती पहिल्या सराव परीक्षेत इंग्रजीत नापास झाली होती, आणि तिला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं. न पाहिलेल्या उताऱ्याचे सगळे प्रश्न तिने कोरे सोडले होते.

तिचं पुस्तक पाहिल्यावर मला कारण कळलं. इंग्रजीच्या जवळजवळ प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेले. ती इंग्रजी वाचतच नव्हती. वरची ओळ वाचत होती. प्रश्नपत्रिकेतल्या उताऱ्यावर ती ओळ नसणार, मग ती काय वाचणार? मी पुस्तक एका दिवसासाठी मागून घेतलं आणि दुपारभर बसून सगळे उच्चार खोडरबराने पुसले. त्या दिवसांत हाताला काही काम हवं होतं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक उघडलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली.

"तुमी सगळंच पुसलं," ती म्हणाली. "आता मले काय येते अन् काय नाई, हे समजन कसं?"

मी माझं म्हणणं समजावू लागले. तिने ऐकून घेतलं.

"मॅडमनं सांगतलं होतं, पुस्तकात सगळं लिही. मग जो शब्द न पाहता वाचता आला, तो त्याच दिवशी पुसाचा. अन् मीच पुसाचा. दिवाळीपासून पुसून राहिली होती मी."

"मावशी, ते तिचं मार्कशीट होतं," दुकानदाराची मुलगी म्हणाली.

तिने आधी पुसलेल्या शब्दांचे पुसट डाग मला काल जागोजागी दिसले होते. मी ते मळ समजले होते. ताईने त्या पुस्तकात एक अक्षरही लिहिलं नव्हतं, तरी ते तिचंच काम होतं. आणि मी ते एका दुपारी साफ केलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "आता काय करायचं, तूच सांग."

तिने पेन्सिल काढली. "पयल्यापासून वाचतो. अडलं तिथंच लिहितो."

सगळं पुस्तक वाचण्यात चार सकाळी गेल्या. पहिल्याच सकाळी, पहिल्या धड्याच्या पहिल्या पानावर ती फक्त सात ठिकाणी अडली. तिने पान पुन्हा वरपासून तपासलं.

"मले एवढं येते?" तिच्या आवाजात आनंदापेक्षा संशय जास्त होता.

पाचव्या दिवसापासून ताईच्या कपाटातल्या जुन्या प्रश्नपत्रिका काढल्या. रोज एक नवा उतारा; मी बिनसाखरेचा चहा घेत ऐकायची. अडलेल्या शब्दावर उच्चार लिहायचा आणि थांबायचं नाही, एवढाच नियम. तिला थांबायची सवय होती. ती दुकानदाराच्या मुलीने मोडली.

"आमच्या घरी उर्दू, दुकानात हिंदी, शाळेत तुमची मराठी. एक शब्द नाई समजला तं बोलणारा थोडीच थांबते? पुढं चाल नं."

"तुह्यासारखी बडबडी नाई मी."

"मनात बडबड. पेपरात कोन आयकते?"

दुसऱ्या सराव परीक्षेत बडनेऱ्याची मुलगी पास झाली. काठावर नाही, चांगली तीन-चार गुणांनी वर. उताऱ्याचा एकही प्रश्न कोरा नव्हता. दोन उत्तरं चुकली होती, पण ती तिच्या स्वतःच्या वाक्यांत होती. बोर्डातही ती निघेल याबद्दल मला शंका उरली नाही. आपल्याला काय येतं आणि कुठे अडतं, हे तिला आता कुणाला विचारावं लागत नव्हतं. ताई हेच शिकवत होती. मला ते उशिरा समजलं.

माझी रजा संपत आली होती. मी तसं सांगितलं तेव्हा ती दप्तर भरत होती.

"अकोल्यावरून बडनेऱ्याले गाड्या भरपूर हायेत," ती म्हणाली. "आमचं क्वार्टर स्टेशनजवळच हाये. शनिवारी या चारी जनी माह्या घरी येतीन. आईले सांगून ठेवलं मी, मावशीसाठी चहा बिनसाखरेचा."