शेवंतीपाशी बसा

वडिलांना गावाहून नगरला आणलं तेव्हापासून माझा जीव टांगणीलाच लागलेला असायचा. जन्मभर शेवंतीची शेती केलेला माणूस, आता नातवाचं नाव विसरायचा, आपला जिना कुठला ते विसरायचा. फुलं मात्र पक्की ध्यानात. म्हणून बागेत मी त्यांना बाक सांगत नसे, फूल सांगायचे.

आमच्या सार्वजनिक बागेत एकेका रंगाचे वाफे आहेत. एकीकडे सगळं पांढरं, एकीकडे लाल, मधोमध पिवळं. ऋतू पालटला की माळी रोपं पालटतात. पावसाळ्यात मी सांगायचे, लाल तेरड्यापाशी बसा. थंडीत, शेवंतीपाशी बसा. मग समोर भाजी घ्यायला पळायचे. काम दहा मिनिटांचं, पण मेथीची जुडी निवडतानासुद्धा डोळे बागेच्या फाटकाकडे. एवढा घोर आहे तर त्यांना घेऊनच येत जा ना, असं भाजीवाली म्हणायची. मला रागच यायचा. गर्दीत ते लहान पोरासारखे बावरतात, हे तिला काय सांगू?

थंडी सरत आली होती. त्या दिवशी मी भाजी घेऊन परतले, तर पिवळा वाफा मोकळा. शेवंती नाही, वडीलही नाहीत, नुसती उकरलेली माती. पांढरा वाफा पाहिला, लाल पाहिला, कारंज्यामागे पाहिलं. बाहेर टेम्पो धावत होते आणि मनात नको नको ते येत होतं. मी रखवालदारावर उगाचच ओरडले. तो बिचारा शांतपणे म्हणाला, फाटकातून कुणी म्हातारं गेलेलं नाही. शेवंती उपटून हातगाड्यावरून मागच्या पाचोळ्याच्या खड्ड्याकडे नेली आहे, तिकडे बघा.

वडील तिथंच मांडी घालून बसले होते. उपटलेल्या झाडांच्या बुडाशी फुटलेल्या काश्या, म्हणजे पुढच्या लागवडीची पिलं, एकेक सोडवून ओळीनं ठेवत होते. धोतर मातीनं भरलेलं. मी धापा टाकत होते आणि तोंडाशी नुसता संताप आला होता.

त्यांनी वर पाहिलं. "तूच म्हनली हुतीस, शेवंतीपाशी बसा. त्येंनी ती हितं आनली, मंग मी बी आलो." मग त्यांचे हात थांबले, आवाज खाली गेला. "माझं काय चुकलं न्हाई ना?"

घोर एकट्या मलाच आहे, असं मी इतके दिवस धरून चालले होते. वडीलही रोज माझं सांगणं मनात घोकत, चुकायच्या धास्तीनं बसत होते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला फार लाज वाटली. त्यांच्याशेजारी मातीतच बसून मी म्हणाले, "नाही अण्णा, तुमचं काही चुकलं नाही. फुलं संपत आलेली मीच बघितली नाहीत."

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. एक काशी ओळीत ठेवून त्यांनी विचारलं, "मंग उद्या कुटं बसू?"

मी पुढची काशी सोडवून त्यांच्या ओळीत ठेवली.